रात्री घरात कोण कोण उठतं? एका विद्यार्थिनीच्या थकव्याचं प्रकरण

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात डिफॉल्टर लिस्ट लागली आणि ही विद्यार्थिनी माझ्याकडे आली. स्वतःहून नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर पालकांचं पत्र आणि समुपदेशकाची सही आणायची, असा विभागाचा नियम आहे. तिला सही हवी होती. वय वीस, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, पाचवं सेमिस्टर. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाली, "मॅडम, लगेच सही दिलीत तर दहाच्या प्रॅक्टिकलला पोचेन."

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहिते आहे, मसुदा तिनं वाचला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं कारण सुरुवातीला माझी एक चूक झाली, आणि ती माझ्या एकटीची आहे असं मला वाटत नाही.

पहिल्या भेटीत काय दिसलं

हजेरी ५८ टक्के. चौथ्या सेममध्ये दोन केटी, म्हणजे राहिलेले विषय, त्यातली एक मॅथ्सची. त्याआधी एकही नाही. मागच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी डेटाबेसमधलं नॉर्मलायझेशन विचारलं. आदल्या दिवशी तिनं तेच मैत्रिणीला फळ्यावर समजावलं होतं, पण परीक्षकांसमोर तोंडातून शब्द निघाला नाही. "अभ्यास न करता येता आणि वर गप्प बसता" असं सगळ्या बॅचसमोर ऐकून ती बाहेर आली. तेव्हापासून जर्नल तपासून घ्यायला गेलेली नव्हती.

"फाईल उघडते, बघते, बंद करते," ती म्हणाली. "आधी कोड चालला की घरभर सांगत सुटायचे. आता चालला काय, नाही चालला काय."

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. बर्नआउट हा शब्द हल्ली कुठल्याही कंटाळ्याला लावला जातो, म्हणून त्याचा नेमका अर्थ इथे सांगते. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक हळूहळू विझत जाताना पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची तीन अंगं दिली आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. ही संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही. ती त्याला नोकरीच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणते आणि आयुष्याच्या इतर भागांना हा शब्द लावू नका असंही सांगते. तरी विद्यार्थ्यांसाठी त्याच प्रश्नावलीची वेगळी आवृत्ती २००२ मध्येच स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांवर वापरली गेली होती. मला ते योग्य वाटतं. वेळापत्रक, हजेरी, मुदती, वरिष्ठ, मूल्यमापन हे सगळं विद्यार्थ्याच्या वाट्याला येतंच. पगार तेवढा येत नाही.

तिन्ही अंगं तिच्यात दिसत होती. मी सही दिली आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

माझी चूक

जाताना मी तिला दहा मिनिटांची एक ध्वनिफीत दिली. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन भरकटलं की हळूच परत आणायचं. रोज झोपण्यापूर्वी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी ती देत असे.

पुढच्या आठवड्यात ती आली ती पडलेला चेहरा घेऊन. "मॅडम, डोळे मिटले की छातीत धडधडतं. श्वास पुरत नाही असं वाटतं. तीन दिवस केलं, मग सोडलं. मला हेपण जमत नाही."

त्या "हेपण"नं मला थांबवलं. जे जमत नाही त्याची यादी तिच्याजवळ आधीच मोठी होती. मी तीत एकाची भर घातली होती.

त्याच महिन्यात महाविद्यालयात शनिवारी मनःशांतीचं शिबिर झालं. उपस्थिती सक्तीची होती आणि डिफॉल्टर मुलांना तिथं आल्याबद्दल दोन तासांची हजेरी मिळणार होती. म्हणजे आठवड्यातल्या ज्या एका सकाळी तिला जरा उशिरा उठता आलं असतं, त्या सकाळीही ती पावणेसहाला उठून कोपरखैरण्याहून निघाली. सभागृहात दीडशे मुलं डोळे मिटून बसली होती. ती झोपी गेली आणि तिला हलवून उठवण्यात आलं. शिबिर घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याला झोप हवी आहे त्याला ध्यानासाठी जागं ठेवणं मला आजही खटकतं.

या ध्यानामागच्या सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, पद्धतीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पाली भाषेत जिला सती म्हणतात, संस्कृतात स्मृती, ती मुळात आठवण ठेवण्याची गोष्ट आहे: मी आत्ता काय करतो आहे, कुठे आहे, याचं भान. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात जाऊन दहा दिवस मौनात बसून आलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, दुखण्यानं जेरीस आलेल्या रुग्णांसाठी, धार्मिक चौकट बाजूला ठेवून तिचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. केंब्रिज विद्यापीठातल्या ६१६ विद्यार्थ्यांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा अभ्यासक्रम केलेल्यांचा परीक्षेच्या काळातला मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी आढळला. पण तिथं मुलं स्वेच्छेनं आली होती. उलट ब्रिटनमध्येच शाळांमधून वर्गातल्या सगळ्या मुलांना सजगता शिकवून पाहिली, तेव्हा २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवणीपेक्षा विशेष फायदा दिसला नाही. सरसकट सगळ्यांना एकच मात्रा दिली की असं होतं, असं माझं मत.

दोन प्रश्नावल्या, एक रक्ततपासणी

दुसऱ्या भेटीत मी आधीच करायला हवं होतं ते केलं. नैराश्यासाठीच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत, जिचे गुण २७ पर्यंत जातात, तिला १४ गुण मिळाले. १० किंवा त्याहून जास्त आले की गांभीर्यानं घ्यायचं. चिंतेच्या सात प्रश्नांत २१ पैकी ११. नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून जावं असं वाटतं का याला, तिनं "काही दिवस" वर खूण केली होती.

हा प्रश्न पुढे विचारायला बरेच शिक्षक घाबरतात. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात कल्पना जाईल अशी भीती असते. तसं होत नाही, उलट मूल मोकळं होतं. मी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तसं नाही. गाडी ठाण्याला थांबते ना, तेव्हा वाटतं उतरूच नये. कुणी उठवू नये." काही ठरवलं आहे का, साधन जवळ आहे का, पूर्वी प्रयत्न केला आहे का, हे सगळं विचारलं. उत्तरं नकारार्थी होती. तरी त्याच दिवशी तिच्या मोबाइलमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक भरून घेतला, रोज तिच्याबरोबर गाडीला असणाऱ्या मैत्रिणीला तिच्या संमतीनं विश्वासात घेतलं आणि सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीसाठी चिठ्ठी दिली.

तिथल्या डॉक्टरांनी आधी एक साधा प्रश्न विचारला, जो माझ्याकडून राहिला होता: जिना चढताना धाप लागते का?

लागत होती. ठाण्याला उतरल्यावर पुलाच्या पायऱ्या एका दमात चढवत नव्हत्या, म्हणून ती फलाटावरच्या बाकावर बसायची. बसली की उठवत नसे. पहिलं लेक्चर बुडायचं ते असं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, त्याबद्दल घरी कधी बोलणं झालेलं नव्हतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. हा आकडा मला पाठ आहे, आणि तरीही धडधड म्हटल्यावर माझ्या मनात फक्त चिंता आली. तिच्या शरीराला रक्तातून प्राणवायूच कमी पोचत होता आणि मी तिला श्वासाकडे लक्ष दे म्हणत होते.

जागं राहायला ती दिवसाला पाच-सहा कप चहा प्यायची. चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही. रात्री अकराला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे चारच्या सुमारालाही अंगात असतं. म्हणजे थकवा म्हणून चहा, चहामुळे कच्ची झोप आणि कमी लोह, त्यातून पुन्हा थकवा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहापासून किमान तासभर दूर घ्यायला सांगितल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि मनासाठीचं औषध लगेच सुरू न करता चार आठवड्यांनी पुन्हा बोलावलं.

वहीत काय निघालं

किती झोपतेस, असं मी पहिल्या भेटीत विचारलं होतं. "पाचेक तास." मी तेच लिहून घेतलं होतं.

आता तिला एक दोनशेपानी वही दिली. उपाय म्हणून नाही. सात दिवस फक्त बघायचं होतं: कधी झोपलीस, कधी जाग आली, काय खाल्लंस, शरीरात काय जाणवलं. बरं-वाईट लिहायचं नाही, सुधारायला जायचं नाही. खरं तर ही सजगताच आहे, डोळे उघडे ठेवून केलेली. पण मी तो शब्द तिच्यासमोर काढला नाही.

चौथ्या दिवशीच्या नोंदीत होतं: "२:१५ लाइट. ३:१० परत." पाचव्या दिवशी तसंच. सहाव्या दिवशीही.

"रात्री घरात कोण कोण उठतं?" मी विचारलं.

तिचे वडील वाशीच्या एपीएमसीत, भाजीपाला मार्केटमध्ये माथाडी आहेत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. मध्यरात्रीनंतर ट्रक लागायला लागतात, म्हणून टोळी तीनच्या आत पोचावी लागते. घर कोपरखैरण्यातलं बैठं, एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील सव्वादोनला उठतात. त्यांच्याबरोबर आई उठते, चहा टाकते, डबा भरते. दिवा लागतो. तीनला पुन्हा अंधार होतो. ती एकला झोपलेली असते. पावणेसहाला आई वाशीला पोळ्यांच्या कामासाठी निघण्याच्या गडबडीत असते, म्हणून भावाचा डबा तिच्याकडे. दोन तुकड्यांत मिळून झोप पावणेचार तास. तेही सलग नाही, म्हणजे खोल झोपेचा वाटा आणखी कमी.

आणि हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, कारण लहानपणापासून ते असंच होतं. शाळेत असताना ती नऊला झोपायची, त्यामुळे मधली जाग निभावून जायची. झोपेची वेळ सरकून रात्री एकवर आली तेव्हा गणित बिघडलं. घर तेच होतं, वेळापत्रक तेच होतं, म्हणून बदललेली गोष्ट कुणाच्या नजरेत भरली नाही.

एक का वाजायचा? संध्याकाळी सात ते नऊ ती आठवी-नववीच्या मुलांच्या दोन शिकवण्या घ्यायची. प्रत्येकीत सहा मुलं, मुलामागे पाचशे रुपये. त्यातून फीचा हप्ता. घरी येऊन जेवून दहाला अभ्यासाला बसायचं. परतीच्या गाडीत ती बसल्या बसल्या झोपायची आणि दोनदा कोपरखैरणं मागे टाकून थेट वाशीला पोचली होती.

वडील आले तो दिवस

वडिलांना बोलवू का म्हटल्यावर ती आधी नकोच म्हणाली. "त्यांना वाटेल त्यांच्यामुळे झालं." पंधरा दिवस गेले. मग तिनंच सांगितलं, येतील म्हणून.

ते मार्केटमधून परस्पर आले. खांद्याला पंचा तसाच होता. खुर्चीत बसायला तयार होईनात, कपडे खराब आहेत म्हणाले. मी वही दाखवली. मुलीनं वाचून दाखवलं. सव्वादोन, तीन दहा. ते ऐकत राहिले.

"मॅडम, मी तर चपला बी बाहेर जाऊन घालतो. बॅटरी लावत न्हाय. मला वाटायचं पोरगी गाढ झोपली."

"मी डोळे मिटून पडायचे," ती म्हणाली. "तुम्हाला वाटू नये माझी झोपमोड झाली."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. दोघं वर्षभर एकमेकांना सांभाळत होते आणि त्यातच तिची झोप जात होती. मी या कामात बरीच वर्षं आहे, पण त्या दिवशी मला पुढचा प्रश्न विचारायला वेळ लागला.

मग फीचा विषय निघाला. शिकवण्यांतल्या पैशांबद्दल त्यांना अर्धवटच माहीत होतं, ते स्वतःच्या खर्चासाठी घेते असं त्यांना वाटत होतं. त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, "गोणी पाठीवर घेताना मी एकटा उचलतो व्हय? दोघं हात देत्यात, तवा पाठीवर बसती. तू कुणाला हाक मारलीस?"

ती रडली. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

काय काय बदललं

झोपेची सोय त्यांनीच काढली. घराला पोटमाळा होता, सामानानं भरलेला. दिवाळीच्या साफसफाईत तो रिकामा झाला, एक छोटा पंखा बसला, पुढे जाड पडदा आला. वडिलांनी घरचा चहा बंद केला, मार्केटमध्येच घेतात. डबा रात्रीच भरून ठेवतात.

पैशांची बाजू मला अनपेक्षित मिळाली. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर पूर्ण शिक्षणशुल्काची सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनानं ८ जुलै २०२४ रोजी काढला आहे. तिनं महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला होता. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपल्यामुळे तो परत आला होता, आणि तिनं दोन महिने ते पोर्टल उघडलंच नव्हतं. आळस नव्हता तो. मन तुटलं की माणूस वाईट बातमी असू शकेल असा प्रत्येक दरवाजा टाळायला लागतो. त्यात जी दारं उघडायला हवीत तीही बंद राहतात. आम्ही माझ्या टेबलावर एकत्र लॉगइन केलं. वडिलांनी तहसील कार्यालयातून नवा दाखला आणला, कार्यालयातल्या कारकुनांनी मनापासून पाठपुरावा केला. आठची शिकवणी तिनं मैत्रिणीला दिली, सातची ठेवली. ती तिला आवडते, आणि तिथं तिला अजूनही समजावता येतं हे तिला स्वतःला दिसत राहावं, अशी माझीही इच्छा होती.

विभागात मात्र अर्धंच यश आलं. वैद्यकीय कागदांवर हजेरीची सूट मिळाली. पण तोंडी परीक्षा पुन्हा घ्यायला नकार आला, आणि सगळ्यांसमोर बोलल्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. मी लेखी दिलं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, ते चांगलंच आहे. पण समुपदेशकाच्या खोलीत जे कळतं त्यावर विभागात काही हलणार नसेल, तर मूल इथं सावरून पुन्हा त्याच वर्गात जातं.

सजगतेकडे आम्ही परत आलो ते पाचव्या आठवड्यात, झोप सहा तासांवर गेल्यानंतर. डोळे मिटायचे नाहीत, श्वास मोजायचा नाही. सकाळच्या गाडीत घणसोली सुटली की रबाळे येईपर्यंत, फक्त एक स्टेशन, पाय डब्याच्या तळाला टेकलेले जाणवतात का ते बघायचं. डबा हलतो, पाय तोल सावरतात, दारातून गरम वारा येतो. रबाळे आलं की सोडून द्यायचं, मग मोबाइल बघ, मैत्रिणीशी बोल, काहीही कर. ती म्हणाली, "एवढंच?" एवढंच. श्वासाकडे लक्ष देऊन ज्यांची धडधड वाढते त्यांना पायांपासून, आवाजांपासून सुरुवात केलेली सोसते. दोन आठवड्यांनी तिनं आपणहून सांगितलं की पुढच्या तोंडी परीक्षेच्या बाहेर रांगेत उभी असताना तिला पाय आठवले. प्रश्न आला तेव्हा आधी घसा कोरडा पडला, मग उत्तर आलं. अर्धंच आलं, पण आलं.

आत्ताची स्थिती

चार आठवड्यांनी नैराश्याचे गुण १४ वरून १० वर आले, जानेवारीत ६. डॉक्टरांनी औषधाची गरज नाही म्हटलं आणि तपासणी चालू ठेवली. हिमोग्लोबिन ११.२, गोळ्या अजून आहेत. नवव्या प्रश्नाला आता शून्य, तरी मी दर भेटीत विचारते. एक केटी सुटली. मॅथ्सची राहिली, ती पुन्हा द्यायची आहे आणि तिची धाकधूक कायम आहे. हजेरी ७८.

सेमिस्टर संपताना तिनं वही परत आणून दिली. नोंदी हळूहळू तुरळक होत गेल्या होत्या. मला ते बरंच वाटलं. शेवटच्या पानावर एवढंच होतं: "११ ते ५:३०. पप्पा कधी गेले कळलं नाही."